घोटभर रस

उन्हाळाभर मुदपाकखान्यातली जानाक्का पहाटे उठून कैरी, आलं, पुदिना वाटायची, फडक्यातून पिळायची आणि राजेसाहेबांना पेलाभर रस पाठवायची. रिवाजाप्रमाणे तो आधी राजवैद्य चाखायचे. त्यांचं चाखणं संपलं की तळाशी जेमतेम घोटभर उरायचा. वर रोज नाक मुरडायचे, "आज आंबट! आज तिखट!" जानाक्का अगदी मेटाकुटीला आली.

एके दिवशी राजेसाहेब भर दरबारात जानाक्कावर कडाडले, "दोन महिने रस पितोय, तरी अंगात त्राण नाही! वैद्यबुवा म्हणतात, तुझ्या रसात कसच नाही."

"कस बघायचाय ना सरकार?" जानाक्का फणकारली. "मग वैद्यबुवांचे गाल बघा!"

सगळा दरबार वळला. गाल कसे टरटरून फुगून लाल झाले होते!

दुसऱ्या दिवसापासून राजेसाहेबांचा रस जानाक्काच चाखू लागली, चमच्याने.