हैबतीचा दोर कुणाच्या हातात होता?

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मी काही तेव्हा नव्हते! सह्याद्रीच्या कुशीत उंबरदरी नावाचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर भोवरकडा. कड्याला आग्या मोहोळं लटकायची, एकेक सुपाएवढं. तो मध उतरवायचा हैबती. असं म्हणतात, हैबती कड्यावर दिसला की माश्या आपणहून बाजूला सरायच्या.

उंबरदरीची एक रीत होती. कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा. अहो, सख्खा भाऊ एखादे वेळी शेताच्या बांधावरून मनात अढी धरील, पण बहिणीचं कुंकू पुसायला कोण धजावेल? म्हणून हैबतीचा दोर धरायचा त्याचा मेहुणा दुंदा. दुसऱ्या कुणी दोराला बोट लावायचं नाही, म्हणजे नाही.

हैबतीत खोट म्हणाल तर एकच. त्याच्या तोंडातून ‘नाही’ निघत नसे. गावानं ‘हैबती रे हैबती’ म्हटलं की गडी चालला!

भोवरकड्याच्या पोटात, पुढं आलेल्या खडकाखाली, एक थोरलं मोहोळ होतं. त्याला कधी कुणी हात लावला नव्हता. एका वर्षी जत्रेला पंचक्रोशीतले पाहुणे आले आणि पाटील मिशीला पीळ देऊन बोलून गेले, “आमचा हैबती उद्या थोरलं मोहोळ उतरवील. या बघायला!” हैबतीला विचारलं का? छे! त्याला काय विचारायचं?

सकाळी कड्यावर दुंदा म्हणाला, “दाजी, वारा उलटा हाय. धूर तुमच्याच तोंडावर यील. आज नगं.”

हैबती म्हणाला, “सारा गाव खाली उभा हाय रं. आता माघारी फिरू? लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील! या तीन शब्दांनी जेवढी माणसं खाल्ली ना, तेवढी वाघानं खाल्ली नसतील.

माश्या हटवायला धुमसता पलिता घेऊन हैबती उतरला. खडकाखाली दोर पुरेना, म्हणून त्यानं कमरेची गाठ सोडली आणि कपारीत शिरला. वर दोर धरून बसलेल्या दुंदाला खडकाआडचं काही दिसत नव्हतं. त्याला भरवसा फक्त हाकेचा. हैबती ‘ओढ’ म्हणाला की ओढायचं.

आणि खाली गावानं काय करावं? हौसेनं ढोल आणले होते, ते बडवायला सुरुवात केली. वारा होताच उलटा, धूर त्याच्याच तोंडावर आला, मोहोळ उठलं. हैबतीनं दोर मनगटाला गुंडाळला आणि जीव खाऊन ओरडला, “ओढ रं दुंदा, ओढ!” ढोलांत ती हाक बुडाली. माश्या अंगाला डसल्या, तो हातपाय झाडू लागला, तसा मनगटाचा वेढा सुटत गेला. खालच्या लोकांना वाटलं, हैबती नाचतोय. त्यांनी ढोल आणखी जोरात वाजवले. काय म्हणावं या कर्माला!

दुंदानं शंका येऊन दोर ओढला तेव्हा तो रिकामा आला. हैबतीला जमिनीवर पडताना कुणी पाहिलं नाही. असं म्हणतात, माश्यांनीच त्याला अधांतरी झेललं आणि आभाळात नेलं. खरंखोटं तो कडा जाणे.

मग गावकी बसली. पाटील म्हणाले, “दोर कुणाच्या हातात होता? दुंदाच्या. त्यानं गाव सोडावं.” माना हलल्या. दुंदाही खाली मान घालून उठला. त्याला ते पटलंच होतं बिचाऱ्याला.

तेवढ्यात हैबतीची बायको ठकू पुढं आली. डोळे रडून सुजलेले, पण आवाज खणखणीत.

“थांब, दुंद्या. पाटील, बढाई कुणी मारली? तुम्ही. ढोल कुणी वाजवले? ह्यांनी. टाळ्या कुणी पिटल्या? मी बी पिटल्या. आन् माझा धनी? त्याला नगं म्हणता आलं न्हाई, ही त्याची चूक. पर त्याला नगं म्हणू द्यायचं तरी कुणी? समद्यांनी मिळून माझा नवरा घालवला. आता माझा भाऊ बी घालवता?”

म्हातारा ढोलकरी उठला, ढोल तिच्या पायाशी ठेवला आणि पोरासारखा रडला. पाटलांनी पागोटं उतरवून मांडीवर घेतलं. दुंदा गावातच राहिला.

राहिला खरा, पण दोराला हात लावीना. कुणाशी बोलेना, भाकर गिळेना. पुढच्या वर्षी मोहोळं भरली तरी कड्यावर जाणार कोण? तेव्हा ठकूनं पदर खोचला, दोराला आणखी एक दोर जोडून तो स्वतःच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक दुंदाच्या हातात दिलं.

“धर. मी तुझ्याच दोरानं उतरणार.”

“आक्का, माझा हात कापतोय.”

“कापू दे. सोडू नगंस, म्हंजी झालं.”

सारा गाव कड्याच्या माथ्यावर चढला. ढोल घरी. कुणी खोकलं नाही. ठकू खाली उतरली आणि कपारीतून तिची हाक आली, “दुंद्या, हायेस का रं?”

दुंदानं दोर छातीशी आवळला, पण त्याला ‘हाय’ म्हणवेना. मग पाटलांनी रीत मोडली, दुंदाच्या मागं दोराला हात घातला. मग ढोलकऱ्यानं घातला, मग बायांनी, पोरांनी. आणि सगळे एका आवाजात ओरडले, “हाय!”

असं म्हणतात, त्या आवाजानं एकसुद्धा माशी उठली नाही. ठकू थोरल्या मोहोळाचा मध घेऊन वर आली. पहिलं बोट तिनं दुंदाच्या तोंडात घातलं, आणि वर्षभरानं पोरगं हसलं.

आजही उंबरदरीत मध उतरवायच्या दिवशी ढोल वाजत नाही. उतरणाऱ्याला आधी विचारतात, “जातोस का?” तो ‘नगं’ म्हणाला तर त्याला मानाचा नारळ देतात, आणि सगळे मुकाट घरी येतात. तो उतरला, तर अख्खा गाव दोर धरतो. मध्येच खालून हाक येते, “हायेस का रं?” कुणाचंच नाव न घेता. आणि वर ज्याच्या ज्याच्या कानावर ती पडते, तो प्रत्येक जण आपल्यालाच विचारलंय असं समजून ‘हाय’ म्हणतो.