तिळीच्या वाटीतली कलेजी

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका गावात एक दोर वळणारा राहत असे. दोर वळणाऱ्याला मागे मागे सरकावं लागतं. घायपाताच्या वाखाचं एक टोक खुंटीला अडकवायचं, पीळ देत, नवा वाख जोडत उलट्या पावलांनी चालत राहायचं. उलटं चालण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. अख्खी गल्ली तो मागे न बघता पार करी आणि एकदाही कुणावर आदळत नसे.

त्याची बायको लवकर गेली. मागे राहिली एकुलती एक लेक. बापाने तिला आईच्या मायेने वाढवलं. न्हाऊ घातलं, भाकरी थापायला शिकवली, रोज वेणीसुद्धा घालून दिली. हात दोर वळणाऱ्याचे, त्यामुळे ती वेणी सोडायची म्हणजे शेजारणीला बोलवावं लागे, ही गोष्ट वेगळी.

लेकीने एक मांजर पाळली होती. पांढऱ्या अंगावर तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके, म्हणून तिचं नाव तिळी. लेक जाईल तिथे तिळी, आणि तिळी दिसली की लेक जवळपास आहेच, असं गाव समजून चालायचं.

मार्गशीर्षात लेकीचं लग्न झालं. सासर सात दिवसांच्या वाटेवर. गाडी जुंपली, लेक आत बसली, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाप चाकापाशी उभा होता. रात्रभर त्याने मनात कितीतरी बोलून ठेवलं होतं, पण आता जीभ टाळ्याला चिकटली. शेवटी त्याने विचारलं, "तुझ्या तिळीला खायला काय घालू गं?"

लेक म्हणाली, "कलेजी घाला, आबा. तिला कलेजी आवडते."

एवढ्यात गाडीवानाने बैल हाकले. गाडी वळणाआड गेली.

लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, अशी त्या मुलखाची रीत. सात दिवस चालायचं आणि लेकीच्या दारातून तहानलेलंच परत फिरायचं, हे कुणाला जमणार? त्यामुळे जाणं नाही. सासरच्यांनी सांगितलं होतं, "नागपंचमीला पाठवू." पंचमी आठ महिन्यांवर होती. बाप त्या दिवसाकडे डोळे लावून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तो थेट खाटकाच्या दुकानी गेला. बकऱ्याची कलेजी आणली, उकडली, बारीक केली आणि तिळीच्या वाटीत घातली. म्हणाला, "खा गं. तुझ्या ताईने सांगितलंय."

तिळीने वाटी चाटूनपुसून लख्ख केली.

त्यानंतर हा नेमच झाला. सकाळ झाली की कलेजी, आणि कलेजीबरोबर तेच वाक्य. खाटकाने कधी कोंबडीचा तुकडा पुढे केला, कधी शेजारणीने चार मासे आणून दिले, तरी बाप मान हलवायचा. "नको. लेकीने कलेजी सांगितलीय." खरं सांगायचं तर मांजरीपेक्षा त्यालाच त्या वाक्याची भूक लागलेली असायची. दिवसभरात लेकीचं नाव तोंडातून काढायला तेवढंच एक निमित्त होतं.

होळी झाली. तिळी उंबऱ्यात बसू लागली. तोंड वाटेकडे, मान ताठ. हाक मारली तरी मान वळवायची नाही. पूर्वी फडताळावर एका उडीत जाणारी तिळी आता पाटावरही चढेना. अंग चाटायचं तिने सोडलं, पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्या. उचलून घेतलं की ती केविलवाणं ओरडायची.

बापाला वाटलं, ही लेकीसाठी झुरतेय.

शेजारीपाजारी बघायला आले. एक म्हणाला, "बघा, वाटेवरची नजर काढत नाही!" दुसरीने पदर डोळ्यांना लावला. "मुकं जनावर, पण माया किती! माणसं विसरतात गं, ही विसरली नाही." शेजारच्या गावाहूनसुद्धा माणसं येऊन तिळीचं दर्शन घेऊन गेली. बाप सगळ्यांना घोंगडं अंथरून बसवायचा आणि लेक गेली त्या दिवसाची हकिकत पहिल्यापासून सांगायचा. तीच गाडी, तेच चाक, तेच वाक्य. ऐकणाऱ्यांना ती पाठ झाली, तरी त्याची सांगायची हौस फिटेना.

मनातून मात्र तो घाबरला होता. तिळी दिवसेंदिवस वाळत चालली होती. पंचमीला लेक येणार, आल्या आल्या पहिली हाक तिळीला मारणार, आणि तिळीच नसली तर? "एवढंसं जनावर तुम्हाला सांभाळता आलं नाही, आबा?" असं लेक म्हणाली नसती, पण तिचे डोळे म्हणाले असते. बापाला ते डोळे आत्ताच दिसू लागले. त्याने काय करावं? कलेजी दुप्पट केली.

एके दिवशी तो दुकानी गेला तर खाटीक जेवायला गेलेला आणि त्याची म्हातारी आई ठोकळ्याशी बसलेली. म्हातारीच्या तोंडात दात दोनच उरले होते, पण शब्द अजून धारदार होते.

"एवढी कलेजी कुणाला रे? घरात वाघ पाळलायस का?" तिने विचारलं.

बापाने सगळं सांगितलं. गाडी, चाक, वाक्य, आणि झुरणारी तिळी. सांगता सांगता त्याने बाहीने डोळे पुसले. म्हातारीचे डोळे मात्र कोरडेच.

"घेऊन ये तिला," ती म्हणाली.

बापाने तिळीला टोपलीत घालून आणलं. म्हातारीने तिच्या मानेवरून हलक्या हाताने बोटं फिरवली. तिळी कळवळली.

"ही झुरत नाही बाबा. हिची मान आखडलीय. हाडं दुखतायत हिची. वळवताच येत नाही तर वळवेल कशी? दारात बसते म्हणून ती वाटेकडं बघते. चुलीकडं तोंड करून बसली असती तर चुलीसाठी झुरतेय म्हणाला असतास."

बाप टोपलीत वाकून तिळीची मान बघू लागला.

"माझं सगळं आयुष्य ह्या ठोकळ्याशी गेलं," म्हातारी पुढे म्हणाली. "दारात डझनभर मांजरं असतात. कुणी टाकलेला तुकडा खातं, कुणी कोंबडीचं आतडं, कुणी नदीवर जाऊन मासा धरतं, कुणी उंदीर. एकाची तरी मान आखडलेली बघितलीस? अशी मान मी आजवर दोनच मांजरांची बघितली. दोन्ही लाडाची, दोन्हींना रोज कलेजी. अरे, कलेजी फार जड असते. नखभर दिली तर औषध, वाटीभर दिली तर विष. रोज एकच मांस कुठल्याही पोटाला सोसत नाही. आज कोंबडी दे, उद्या मासा दे, परवा बकऱ्याचं साधं मटण दे, मधेच एखादं अंडं. मीठमसाला न घालता."

"पण लेकीने सांगितलंय," बाप म्हणाला.

"लेक सात दिवसांवर आहे. मांजर इथं आहे. डोळे कुणाकडं ठेवायचे ते तू ठरव," म्हातारी म्हणाली आणि सुरी पुसायला लागली.

बाप टोपली घेऊन घरी आला. त्या दिवशी त्याने दोर वळला नाही. तिळी एका बाजूला, रिकामी वाटी दुसऱ्या बाजूला, आणि मधे तो. म्हातारीचं म्हणणं त्याला पटलं होतं. अडचण पटण्याची नव्हतीच. लेक त्याला देऊन गेली होती ते एवढं एकच वाक्य. उद्या वाटीत कलेजी पडली नाही तर वाटी ठेवताना बोलायचं काय? लेकीचं काही मागे उरणारच नाही, असं त्याला वाटलं आणि तो एकटाच हुंदके देऊन रडला.

मग तिळी कुशीवर वळू गेली. तिला वळता आलं नाही. ती तशीच अर्धवट पडून राहिली आणि बारीक आवाजात ओरडली.

बापाने डोळे पुसले आणि तो शेजारणीकडे कोंबडी मागायला गेला.

पहिल्या दिवशी तिळीने कोंबडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बापाचा हात दहादा कलेजीकडे गेला. शेवटी तो पुन्हा म्हातारीकडे गेला.

म्हातारी म्हणाली, "खुळ्या, एकदम कुणी सोडतं का? चिमूटभर कलेजीत मूठभर कोंबडी मिसळ. मग चिमूट लहान करत जा. रुसलेल्या सुनेला जेवायला बसवतात तसं बसव."

तसं केल्यावर तिळीने नाक मुरडत का होईना, दोन घास घेतले. बाप वाटीजवळ बसला होता. नेहमीचं वाक्य आता म्हणता येत नव्हतं. मुकाट्याने वाटी ठेवणंही त्याला जमेना. मग कोंबडीकडे बघता बघता त्याला आठवलं आणि तो तिळीला सांगू लागला, "तुझ्या ताईने लहानपणी एका कोंबडीचं नाव राणी ठेवलं होतं. ती कापली त्या दिवशी पोरीने आकाशपाताळ एक केलं. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. आणि संध्याकाळी रश्श्याचा वास सुटल्यावर म्हणते कशी, 'आबा, राणी खूप चांगली होती, मला अजून वाढा.'"

बाप हसला. कितीतरी महिन्यांनी हसला.

पुढे मासे आणले. काटे काढता काढता त्याला नदीवरची लेक आठवली. सात वर्षांची, ओंजळीत पकडलेला मासा निसटला म्हणून नदीलाच रागे भरणारी. मटण आणलं तेव्हा आठवलं, तापातून उठल्यावर तिने पहिल्यांदा त्याच्याकडे अळणी रस्सा मागितला होता. अंडं उकडलं तेव्हा आठवलं, ती पिवळा भाग नेहमी त्याच्या पानात टाकायची आणि म्हणायची, "आवडत नाही." तो तिला आवडत होता, हे बापाला त्या वेळीही ठाऊक होतं. आठवड्यातून एक दिवस नखभर कलेजी असायची, तेव्हा गाडीचं चाक आठवायचं. पण तो आता सातांतला एक दिवस होता.

आठवण कमी झाली नाही. उलट वाढली. घरभर पसरली. पूर्वी फक्त जाणारी लेक आठवायची. आता हसणारी, भांडणारी, तापाने फणफणलेली, वेणी सुटेना म्हणून रडणारी, सगळ्या वयांची लेक घरात फिरू लागली. बापाला तिची ओढ इतकी लागली की दोर वळताना मधेच थांबून तो नुसता उभा राही.

ज्येष्ठात तिळी पाटावर चढली. आषाढात तिने पाठ चाटली. डावीकडे मान थोडी अडायची ती अडतच राहिली, पण उचलून घेतलं तर ओरडेनाशी झाली. तिळी झुरायची थांबली म्हणून गावातले काहीजण हिरमुसले. एकजण तर म्हणाला, "शेवटी मांजरच ती, विसरली!" बापाने त्याच्यासाठी घोंगडं अंथरलं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी गाडी आली. लेकीने खाली उतरता उतरताच हाक मारली, "तिळे!" तिळी आधी खाटेखाली पळाली, मग बाहेर आली, पायांचा वास घेतला आणि लेकीच्या पदरात जाऊन बसली. लेकीने तिच्या मानेवर हात ठेवला. "ही इकडं का वळवत नाही मान?"

बापाने मान खाली घातली. "माझी चूक, पोरी. आणि वर तुझा शब्दही मोडला मी. तू कलेजी घाला म्हणालीस. मी चार महिने रोज तीच घातली, दुसरं काही घातलं नाही. ती आजारी पडली. मग मी सोडली. तू रागावशील म्हणून फार भीती वाटत होती."

"रोज?" लेक बघतच राहिली. "आबा, मी तिला कलेजी महिन्यातून एखाद्या वेळी द्यायचे. बाकी घरात जे असेल ते."

"मग तेव्हा तसं का म्हणालीस?"

तिळीच्या पाठीवरून लेकीचा हात फिरत राहिला.

"काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले. तुम्ही तिळीचं विचारलंत ना. मला म्हणायचं होतं की आबा, तुमच्यावाचून मला करमायचं नाही. तेवढ्यात गाडी निघाली."

बाप तिच्याकडे बघत राहिला. ज्या वाक्यावर तो आठ महिने जगला होता, ते त्याच्यासाठी नव्हतंच. त्याच्यासाठी होतं ते वाक्य लेक सात दिवसांच्या वाटेवर तसंच तोंडात धरून गेली होती.

"मलाही तेच म्हणायचं होतं गं," तो म्हणाला. आणि मग दोघंही मनसोक्त रडली.

लेक आठ दिवस राहिली. नवव्या दिवशी गाडी जुंपली तेव्हा चाकापाशी उभं राहून कुणी मांजरीची चौकशी केली नाही. बाप म्हणाला, "तुझ्यावाचून घर खायला उठतं." लेक म्हणाली, "मलाही तिथं तसंच होतं, आबा." गाडी वळणाआड गेली, आणि बाप भरल्या डोळ्यांनी, पण सरळ पावलांनी घराकडे चालू लागला. तिळीच्या वाटीत त्या दिवशी मासे घालायचे होते.

तात्पर्य एवढंच: आठवण कितीही गोड असली, तरी मुक्या जिवाच्या वाटीत रोज तीच एक वाढू नये. ज्याला सांभाळायचं, त्याच्याकडे बघून घास बदलावा. आणि ज्याच्यावर जीव आहे, त्याला ते गाडी निघायच्या आत सांगावं.