घळीतल्या पाच जागा

सागाच्या एका जंगलात, दोन उंच कड्यांमधल्या गार घळीत, एक म्हातारी हत्तीण राहत असे. तिने खूप उन्हाळे पाहिले होते. कुठला झरा कधी आटतो, कुठल्या ओढ्याची वाळू उकरली की पाणी लागते, वाघ कोणत्या वाटेने फिरतो, सगळे तिच्या ध्यानात पक्के होते. जंगलातले प्राणी तिला आजी म्हणत आणि अडले की तिच्याकडे येत. आजी डोळे मिटायची, सोंड हलकेच डोलवायची आणि आठवून नेमके उत्तर द्यायची.

एका वर्षी उन्हाळा फार कडक पडला. झरे आटू लागले आणि घळीत एकच झुंबड उडाली. हरणे, रानडुकरे, माकडे, ससे, सगळे एकदमच विचारू लागले. एकाचे बोलणे संपत नाही तोच दुसरा ओरडायचा. आजीचा गोंधळ उडाला. सशाला द्यायचे उत्तर तिने हरिणीला दिले. हरिणी बिचारी पाडसाला घेऊन रणरणत्या उन्हात भलत्याच टेकडीवर जाऊन आली. पाडसाचे पाय लटपटत होते, जीभ बाहेर आली होती. ते पाहून आजीचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासच उडाला आणि तिने उत्तरे देणे थांबवले. त्या दिवशी कुणालाच पाण्याचा पत्ता लागला नाही.

घळीच्या तोंडाशी एका बिळात साळू राहायची. मुलांनो, अंगभर काटे असलेल्या या साळूला तुम्ही कदाचित साळिंदर म्हणत असाल. तिने हे सगळे पाहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घळीच्या तोंडात आडवी बसली आणि म्हणाली, "आत एका वेळी पाचच जण. एक बाहेर आला की दुसरा आत."

"आम्हाला अडवणारी तू कोण?" रानडुक्कर गुरगुरले.

साळूने काटे फुलवले आणि ती जागची हलली नाही. रानडुक्कर फुरफुरत मागे सरले. आणि गंमत अशी झाली, की थांबावे लागूनही सगळ्यांची कामे आधीपेक्षा लवकर होऊ लागली. आजीला आता प्रत्येकाचे बोलणे नीट ऐकू येत होते. साळू आत जाणाऱ्यांची डोकी मोजायची. पाच झाली, की आपले काम चोख झाले, असे तिला वाटायचे.

मग एके दुपारी पश्चिमेकडून धूर दिसू लागला. जंगलाला वणवा लागला होता! वारा सुटला होता आणि वाळलेला पाचोळा तडतडत पेटत होता. प्राणी जिवाच्या आकांताने घळीकडे धावले. पळायचे कोणत्या वाटेने, हे फक्त आजीच सांगू शकत होती.

"साळूताई, आत सोड!" हरिणी रडकुंडीला आली होती. पाडस तिच्या पोटाखाली लपले होते.

"पाच जण आत आहेत. कुणीतरी बाहेर येऊ दे," साळू म्हणाली.

पण कुणी बाहेर येईना. धूर डोळ्यांत झोंबू लागला. मागचे पुढच्यांना रेटू लागले. "बाजूला हो, नाहीतर तुला तुडवून जाईन!" रानडुक्कर ओरडले. साळू विचारात पडली. द्यावे का सगळ्यांना सोडून? पण मग पुन्हा तोच गलका होईल, आजी गोंधळेल, आणि आज चुकीची वाट सांगितली गेली तर कुणीही वाचणार नाही. तेवढ्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. बाहेर एवढा आरडाओरडा चालला होता, पण आतून कुणाचाच आवाज येत नव्हता. कुणी काही विचारतच नव्हते!

ती रानडुकराकडे वळली. "तू सगळ्यांत दांडगा आहेस. घळीचे तोंड धरून उभा राहा. मी येईपर्यंत एकालाही आत सोडू नकोस."

रानडुकराने तिच्याकडे पाहिले, धुराकडे पाहिले आणि वळून घळीच्या तोंडात घट्ट पाय रोवले.

साळू आत धावली. पाहते तो काय, कोल्हा सावलीत पाय पसरून पडला होता. दोन माकडे एकमेकांच्या उवा काढत होती. मोर पिसे साफ करत होता आणि तरस घोरत होते. पाचही जणांना सकाळीच उत्तरे मिळाली होती. आजी मात्र डोळे उघडे ठेवून बसली होती.

"मला कितीतरी वेळ कुणी काही विचारले नाही ग," आजी म्हणाली. "मला वाटले, आज बाहेर कुणीच नाही. हा गलका तर आत्ता कुठे कानावर आला."

"उठा! बाहेर व्हा सगळे!" साळू किंचाळली.

"मला पुन्हा काही विचारायचे असले तर?" कोल्हा म्हणाला. "जागा सोडली की परत ताटकळत उभे राहावे लागते."

साळू काटे फुलवून उलट्या पावलांनी त्याच्यावर चालून गेली. दोन काटे त्याच्या मांडीत रुतले, तसा कोल्हा केकाटत बाहेर पळाला. बाकीचेही धडपडत मागोमाग गेले. साळूने हाक मारली, "हरिणीबाई, तू एकटी आत ये! सगळ्यांच्या वतीने तूच विचार!"

हरिणी आली. धापा टाकत तिने विचारले, "आजी, वणवा आलाय. कुठे जायचे?"

आजीने डोळे मिटले. सोंड हलू लागली. धूर आता घळीतही शिरला होता. साळूला तो एक क्षण संपता संपेना.

"नदीच्या कोरड्या पात्रात चला," आजी म्हणाली. "वाळू जळत नाही. काळ्या कातळामागे डोह आहे, तिथे अजून पाणी असेल. चला, मीही येते."

हरिणीने बाहेर येऊन मोठ्याने सांगितले आणि सगळे जंगल त्या दिशेने धावत सुटले. आजी शेवटी निघाली, साळू तिच्या पायाशी. दोघी डोहात उतरतात न उतरतात, तोच मागे घळीवरचे साग धडाधड कोसळले. कातळामागे सगळे एकमेकांना चिकटून पाण्यात उभे होते. हरिणीने पाडसाला चाटले. जंगल जळाले, पण जीव वाचले.

पुढे पाऊस झाला, नवे गवत उगवले. आजी डोहाजवळच्या एका कपारीत राहू लागली आणि साळू पुन्हा दारात बसू लागली. आता ती नुसती डोकी मोजून थांबत नसे. मधूनमधून ती आत डोकावायची आणि ज्याला उत्तर मिळाले त्याला लगेच उठवायची. शिवाय ती चौघांनाच आत सोडायची.

"पाचवी जागा रिकामी का?" एकदा माकडाने विचारले. "कुणासाठी ठेवली आहेस?"

"जिवावर बेतले म्हणून जो धावत येईल, त्याच्यासाठी," साळू म्हणाली, आणि पुन्हा वाटेकडे पाहू लागली.

तात्पर्य : एका वेळी मोजक्यांनाच आत घेतले, तर सर्वांचे काम नीट होते, पण काम झालेल्याने जागा अडवून ठेवली, तर चांगला नियमही इतरांच्या जिवावर उठतो.