जादा एल

"महाराज, वेलकममध्ये एल एकच असतो," दिवाण नारोपंत चाचरत म्हणाले.

"एकच?" देवमाळचे महाराज गजसिंह भडकले. "रेसिडेंटसाहेब प्रथमच आपल्या दारी येणार, आणि त्यांच्या स्वागतात अक्षरांची काटकसर? मी स्वतः दोन एल लिहून दिलेत. त्यातला एकही हलता कामा नये."

मग कमानीवर फुलांची अक्षरं गुंफणाऱ्या सारजा माळिणीकडे ते वळले. "आणि ते वाचून साहेब मला हसले, तर तुझा मळा जप्त!"

सारजाला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण मळा तिच्या सासूनं रक्ताचं पाणी करून उभा केलेला. अक्षर काढलं तर महाराज रागावणार, ठेवलं तर साहेब हसणार. इकडे आड, तिकडे विहीर. ती दिवाणजींना एवढंच म्हणाली, "यातलं आगाऊ अक्षर कुठलं, तेवढं बोटानं दाखवा."

दुसऱ्या दिवशी कमान झेंडूनं झळकली. सगळी अक्षरं पिवळीधमक, एक एल मात्र काजळ फासून काळाकुट्ट.

साहेब घोड्यावरून उतरले. वर पाहताच त्यांच्या मिश्या थरथरल्या. "ते काळं अक्षर कशाला?"

महाराजांनी सारजाकडे पाहिलं. ती पदर सावरून पुढे झाली.

"तीट आहे ती, साहेब. देखण्या लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आम्ही गालावर काजळाचा ठिपका लावतो. तुमची भाषा एवढी देखणी, ती भर रस्त्यात टांगायची म्हणजे तीट नको?"

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. "इतकी संस्थानं फिरलो, आमच्या भाषेची अशी काळजी कुणी घेतली नाही," म्हणत त्यांनी महाराजांचा हात हातात घेतला.

साहेब गेले आणि महाराज खुलले. "बघा दिवाणजी, तो एल हवाच होता! सारजा, आता माझ्या सगळ्या इंग्रजी पत्रांना तीट लावत जा. दिवाणजी दाखवतील तिथं तिथं."

दिवाणजींनी डोळे मिटले.

"नको महाराज," सारजा म्हणाली. "तीट एकच शोभते. दिवाणजी दाखवतील तिथं लावत बसले, तर पत्राचं तोंडच काळं होईल."

महाराज क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि मग पोट धरून हसत सुटले. मळ्यालगतची नदीकाठची जमीन त्यांनी तिथल्या तिथं तिला इनाम दिली आणि सनद लिहायला लेखणी उचलली.

सारजानं हात जोडले. "मराठीत लिहा, महाराज."