बखरीतला एकच राजा

देवखोऱ्याचे उदाजीराजे नुकतेच गादीवर बसले होते आणि स्तुतीसाठी अगदी हपापलेले होते. गिरमाजीपंतांनी उभी हयात खपून त्यांच्या घराण्याची बखर लिहिली होती. आज ती भर दरबारात वाचायची म्हणून पंतांचं काळीज आनंदाने धडधडत होतं. पण पहिल्याच पानावर महाराजांनी हात वर केला.

“पंत, तुम्ही आमच्या आजोबांना राजे म्हटलंय, आमच्या वडिलांना, आबासाहेबांनाही राजे म्हटलंय. या बखरीत राजा एकच हवा, तो म्हणजे आम्ही. बाकीच्यांचं राजेपद खोडा, नाहीतर बखर आत्ता नदीत जाईल.”

पंतांचे डोळे लकाकले. “जशी आज्ञा,” म्हणत त्यांनी बोरू शाईत बुडवला. आजोबांचं राजेपद खोडलं, आबासाहेबांचं खोडलं आणि मग बोरू थेट उदाजीराजांच्या नावावर टेकवला.

“अहो पंत, हे काय चालवलंय?” महाराज ताडकन उठले.

“आज्ञाच पाळतोय, महाराज. ही गादी आपल्याला आबासाहेबांकडून मिळाली. तेच राजे नव्हते, तर त्यांनी आपल्याला दिलं काय?”

चिकाच्या पडद्याआड बसलेल्या राजमातेला हसू आवरेना. महाराजांचे कान लाल झाले. ते गादीवरून खाली आले, पंतांच्या हातातून बोरू घेतला आणि वडिलांच्या नावाआधी स्वतःच्या हाताने ‘राजे’ लिहून म्हणाले, “आजोबांचं तुम्ही लिहा, पंत. आणि पहिल्यापासून वाचा.”