कच्ची बी

"तोडायची की थांबायचं, तात्या?"

हे श्रीरंगने तिसऱ्यांदा विचारलं होतं की चौथ्यांदा, ते आता त्याला नक्की आठवत नाही. फेब्रुवारीअखेर होती, दिंडोरीजवळचा, वाइनसाठी लावलेल्या शिराज द्राक्षांचा मळा होता आणि पश्चिमेला ढग होते. निदान त्याला तरी तसं आठवतं.

फ्रान्सहून वाइननिर्मितीत डॉक्टरेट घेऊन आल्यावरचा हा त्याचा पहिलाच हंगाम. वाइनच्या बाटलीवर, हंगामाच्या सालाखाली, त्याचं नाव छापलं जाणार होतं. आठवडाभर त्याला जेवण गेलं नव्हतं.

रायभानतात्या चाळीस वर्षं द्राक्षबागेत राबलेले. ते वेलीखाली उकिडवे बसले होते. एक मणी त्यांनी तोंडात टाकला, गर गिळला आणि बी दाढेखाली धरली.

"साखर चोवीस टक्के आहे," श्रीरंग म्हणाला. "यंत्र खोटं बोलत नाही."

तात्यांनी एक मणी त्याच्या तळहातावर ठेवला.

"बी चावा."

त्याने चावली. तोंड वाकडं झालं.

"काय म्हणतीय?"

"कडू आहे. कच्ची."

"मग चार दिवस थांबा."

"आणि पाऊस आला तर?"

"तर पावसाची वाइन करा."

"चेष्टा करताय माझी?"

तात्या पुढच्या घडाकडे सरकले…

त्याच दुपारी श्रीरंगने माणसं लावली आणि सगळा माल उतरवून घेतला.

वाइन कडवट निघाली, जीभ कोरडी पाडणारी. कडवटपणा मुरावा म्हणून त्याने ती ओकच्या लाकडी पिंपांत ठरल्यापेक्षा वर्षभर जास्त ठेवली. मग एक पेला घेऊन तो तात्यांकडे गेला.

तात्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला.

"लाकूड झ्याक आहे, डॉक्टर."

"सालच वाईट निघालं, तात्या. वेळेवर तोडलं म्हणून एवढं तरी हाती लागलं. तिसऱ्याच दिवशी पाऊस झाला. आठवतंय ना?"

तात्यांनी पेला उजेडाकडे धरला…

"साल बिचारं मुकं असतं," ते म्हणाले आणि पेला त्याच्या हातात परत दिला.

तो पाऊस श्रीरंग पुढे आयुष्यभर सांगत राहिला, विद्यार्थ्यांना, पाहुण्यांना, स्वतःला. सत्तरी उलटल्यावर कधीतरी त्याने तालुक्याची पावसाची जुनी नोंदवही काढून पाहिली. तोडणीनंतरच्या सातही दिवसांपुढे एकच आकडा होता: ०.०.