शेटजी विहिरीत पडले

"हा भागोजी तांबट माझे पाचशे रुपये देणं लागतो," सावकार गुलाबशेट राजाला म्हणाले.

"उलट आहे, महाराज. लेकीच्या लग्नात शेटजींनीच माझ्याकडून पाचशे नेले," भागोजी म्हणाला. "सावकाराने तांबटाकडून उसने घेतले हे व्याह्यांना कळलं तर अब्रू जाईल, म्हणून कागद नको म्हणाले. मीही त्यांच्या अब्रूची काळजी केली."

कागद नाही, साक्षीदार नाही. बेलभंडार उचलून शपथ घ्यायला दोघेही तयार. शेटजी तर जरा जास्तच तयार. राजा वैतागला.

"देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण, हे संध्याकाळपर्यंत मला दाखवा. नाहीतर भागोजीची भट्टी शेटजींची. एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल?"

भागोजीची लेक ठकी बापामागे उभी होती. भट्टी गेली तर चूलही गेली, हे तिला कळत होतं. ती पुढे झाली आणि राजाच्या कानाशी कुजबुजली.

"महाराज, आबांना घरी पाठवा, शेटजींना इथंच बसवा. आणि मला एक हुजऱ्या द्या, सफाईने खोटं बोलणारा."

"माझ्या दरबारात तशांना तोटा नाही," राजाही हळूच म्हणाला.

थोड्या वेळाने हुजऱ्या धापा टाकत आला. "भागोजीला नाग चावला! वैद्य नदीपलीकडे आहे. शेटजी, तुमचा घोडा द्या."

शेटजींनी डोळे मिटले. "घोडा सकाळपासून लंगडतोय. आणि आयुष्य का आपल्या हातात असतं?" मग त्यांना दया आली. "सरणाची लाकडं मात्र माझ्याकडून."

ठकीने खूण केली. हुजऱ्या भागोजीकडे पळाला. "शेटजी राजवाड्यामागच्या विहिरीत पडले!"

राजा खिडकीशी जातो तोच भागोजी अनवाणी धावत आला आणि धोतरासकट विहिरीत!

"शेटजी, मरू नका हो! आधी पाचशे द्या, मग खुशाल बुडा!"

ठकीचा चेहरा पांढरा पडला. तिने एवढं धरलं नव्हतं. "महाराज, लवकर कुणाला तरी पाठवा. आबांना पोहता येत नाही."

शिपायांनी ओढून काढलेला भागोजी निथळत दरबारात आला. शेटजींना कोरडं पाहून त्याला आनंदाने रडूच फुटलं.

"आता तुझं उत्तर सांग, पोरी," राजा म्हणाला.

"आपले पाचशे मरायला टेकलेत आणि सावकार बसल्या जागी लाकडं दान करतोय, असं कधी पाहिलंय, महाराज? घेणेकरी देणेकऱ्याला यमाच्या दारातूनही ओढून आणतो. आणि देणेकऱ्याचा घोडा नेमका त्याच दिवशी लंगडतो."

राजा पोट धरून हसला. शेटजींनी पाचशे रुपये व्याजासकट तिथेच मोजले.

"यापुढे राजवाड्याची सगळी भांडी भागोजीच घडवेल," राजाने जाहीर केलं.

"उधारीवर नाही ना, महाराज?" ठकीने विचारलं.

राजा पुन्हा हसला आणि खजिनदाराला आगाऊ थैली आणायला सांगितली.